पत्रा टिकला, पण हलेना

दिवाळीत एअरगन घेतली, ४.५ मिमीची, स्प्रिंगवाली. नागपूरच्या काटोल रोडला मेव्हण्याची संत्र्याची बाग आहे. तिथे विहीर खणताना निघालेल्या मातीचा दोन पुरुष उंच ढिगारा अजून पडून आहे. त्याच्यासमोर रविवारी नेम धरायचा, असं ठरलं. कागदी टार्गेटचा कंटाळा चार दिवसांत आला. छर्रा लागला की काहीतरी हललं पाहिजे, वाजलं पाहिजे.

आधी बाटल्या मांडल्या. दुसऱ्याच रविवारी मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही काचा फोडून राह्यले, अन् आमचा गडी अनवाणी फिरते." बाटल्या बंद. डब्यांची चाळण होऊन गेली. मग ऑनलाइन एक रबरी चेंडू मागवला, गोळी आरपार गेली तरी भोक आपोआप मिटतं म्हणे. छर्रा आरपार गेलाच नाही, उलटा येऊन माझ्या बुटावर आपटला. नंतर हिशेब केला. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटरने गेला तर त्यात १० ज्यूल ऊर्जा असते; .२२च्या साध्या रायफलच्या गोळीत १४०च्या आसपास. तो चेंडू त्या गोळीसाठी होता. त्या दिवसापासून चष्म्याशिवाय ट्रिगरला बोट लावत नाही.

आता लोखंडच घ्यायचं, आणि तेही जन्मभर पुरेल असं. हिंगणा एमआयडीसीत खाणीच्या डंपरची दुरुस्ती करणारा एकजण ओळखीचा आहे. डंपरच्या हौद्याला कोळसा-दगड घासून झिजू नये म्हणून जी कडक प्लेट लावतात, तिचा १० मिमी जाडीचा तुकडा त्यानं दिला. अशा प्लेटच्या नावातला ४०० किंवा ५०० हा आकडा म्हणजे तिचा साधारण ब्रिनेल कडकपणा (ब्रिनेल ही धातूचा कडकपणा मोजायची पट्टी). साधं लोखंड सव्वाशे-दीडशेच्या घरात. गॅसकटरनं कापलं तर कडेचा कडकपणा उतरतो, हेही त्यानंच सांगितलं. एवढ्या कौतुकानं टांगलेली प्लेट छर्रा लागल्यावर फक्त 'टिक' करायची. हलायचं नाव नाही.

चूक माझीच, छर्र्याच्या मानानं प्लेट फार जड. पाच सेंटीमीटर व्यासाची १० मिमी जाड चकती दीडशे ग्रॅमची होते, ३ मिमीची पंचेचाळीसच्या आसपास. शिशाचा मऊ छर्रा ३ मिमीच्या साध्या पत्र्यावरही चपटा होऊन पडतो, मग डंपर कशाला हवा? (बीबी, म्हणजे एअरगनमधून मारायचे बारीक पोलादी गोळे, मात्र लोखंडावर कधीच नाही. ते चपटे होत नाहीत, सरळ परत येतात.)

इतवारीतल्या लोहा ओळीत गेलो. दुकानदार म्हणे, "एवढुशा चकत्या कायले पाहिजे, भाऊ? कुलरच्या का?" आठ चकत्या कापून घेतल्या. पहिल्या घावाला चकती गरकन फिरली तेव्हा मेव्हणाही खाट सोडून उठला.

पण चकत्या साखळीनं टांगल्या होत्या, महिन्याभरात साखळीची कडी तुटली. मारा चुकला की तो कडीवरच बसतो. मग भंगारातून कन्व्हेयरच्या जाड रबरी पट्ट्याचा तुकडा आणला, त्याच्या पट्ट्या कापल्या आणि गोल डोक्याच्या बोल्टनं चकत्या लटकवल्या. पट्टी आणि चकतीच्या मध्ये वरच्या बाजूला एक जादा वॉशर घातला की चकती किंचित खाली तोंड करून राहते आणि शिसं जमिनीकडे उडतं. वाकलेली, वाटीसारखी झालेली चकती तर लगेच काढायची; ती शिसं गोळा करून आपल्याच अंगावर फेकते. खाली पत्र्याचा ट्रे ठेवतो, बागेच्या मातीत शिसं नको. घरी जायच्या आधी हात साबणानं धुतो. रंग म्हणून चुना. दोन बोटं फासला की पुढचा डाग स्पष्ट दिसतो, आणि स्प्रेचे पैसे वाचतात.

अडीच सेंटीमीटरच्या चकतीचं अजून जमलेलं नाही. बोल्टचं डोकंच अर्धी जागा खातं. आता चकती आणि तिची दांडी एकाच पत्र्यातून, पळीसारखी कापून घ्यायचा विचार आहे. शनिवारी परत लोहा ओळीत जातो. दुकानदार या वेळी काय विचारतो, बघू.