कागदी घोडे

१४ नोव्हेंबर, रात्री साडेअकरा

सकाळी आईला घेऊन हयातीच्या दाखल्यासाठी गेलो. तिच्या बोटांचे ठसे उमटेनात. चार वेळा हात पुसून झाले, शेवटी अंगठ्यावर निभावलं. संध्याकाळी डोकं निवावं म्हणून जर्मन चित्रकार ड्यूररचं रथाचं चित्र उघडून बसलो, तर तिथेही पेन्शनच निघाली!

१५१८ सालचं शाईचं चित्र, वरून जलरंगाचा हात. व्हिएन्नाच्या आल्बर्टिना संग्रहालयात आहे. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला माक्सिमिलियन विजयरथात बसलाय, भोवती सगळे सद्गुण बायकांच्या रूपात. पुढे १५२२ मध्ये ड्यूररने हाच रथ आठ लाकडी ठशांवरून छापला. त्यात तर प्रत्येक वस्तूला नाव आहे. चाकं म्हणजे कीर्ती, ऐश्वर्य, प्रतिष्ठा, सन्मान. लगाम कुलीनतेचे आणि सामर्थ्याचे, ते विवेकाच्या हातात. मला लगेच कठोपनिषदातला रथ आठवला. तिथे सारथी बुद्धी. पण तिथले घोडे म्हणजे इंद्रियं, त्यांना आवरायचं असतं. इथले बाराच्या बारा घोडे आधीच गुणी.

एवढा विजय, पण रक्ताचा थेंब नाही की पडलेला शिपाई नाही. रूपकाची ही सोय मोठी. ही सगळी कल्पना बसवून दिली ड्यूररचा मित्र पिर्कहाइमर याने. १४९९ मध्ये याच सम्राटाच्या बाजूने न्यूरेंबर्गचं पथक घेऊन तो स्विसांशी लढायला गेला होता, आणि ते युद्ध सम्राट हरला. हरणं जवळून पाहिलेल्या माणसाने विजयाचा रथ सजवला. लिहिताना हसला असेल का?

या रथाची विजयी मिरवणूक रस्त्यावर कधी निघालीच नाही. तिजोरीत कायम खडखडाट, म्हणून विजय कागदावर. आपण कागदी घोडे नाचवणं म्हणतो ते कचेऱ्यांबद्दल. या राजाने खरेच नाचवले.

जानेवारी १५१९ मध्ये तो गेला आणि ड्यूररचं वर्षाचं शंभर गुल्डनचं मानधन अडकलं. म्हणजे इथे हयात हवी होती पेन्शन देणाऱ्याची! नव्या सम्राटाची मंजुरी मिळवायला बिचारा बायकोला घेऊन नेदरलँड्सपर्यंत गेला. मंजुरी मिळाली १५२० च्या नोव्हेंबरात. रथ छापला तोही स्वतःच्या हिमतीवर.

जेवताना आईला हे सगळं सांगितलं. ती ताकाचा पेला खाली ठेवत म्हणाली, "त्याचे ठसे तरी उमटले."