तोफगोळ्याने मोजलेली जमीन : कडलूर

पाँडिचेरीला गेलेली आपली मंडळी हौस असेल तर जिंजी करतात पण तिथून जवळच्या, तमिळनाडूतल्या कडलूरकडे सहसा कोणी फिरकत नाही. आम्ही बसने गेलो, फार लांब नाहीये, तिथून किल्ल्यासाठी रिक्षा. रिक्षावाल्याला फोर्ट सेंट डेव्हिड म्हटलं तर कळेना, सिल्व्हर बीच म्हटल्यावर लगेच देवनामपट्टिनमला नेलं.

किल्ला बघायचा म्हणून जाल तर निराश व्हाल हे आधीच सांगते. 1758 मध्ये फ्रेंचांनी तो घेतला आणि पाडला, आता गडिलम नदीकडे थोडेफार अवशेष नि झाडोरा. मला ओढ होती ती त्याच्या खरेदीच्या गोष्टीची.

1677 मध्ये शिवाजी महाराजांनी जिंजी घेतली तेव्हापासून हा मुलूख आपल्याकडे. 1690 ला राजाराम महाराज जिंजीत, मोगल सरदार झुल्फिकारखान येऊन ठेपलेला, पैशाची ओढाताण, आणि अशा वेळी ईस्ट इंडिया कंपनीने हा समुद्राकाठचा छोटा किल्ला विकत घेतला. मद्रासचा गव्हर्नर तेव्हा एलिहू येल, हो तोच, अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीवाला. आणि व्यवहार कसा, तर किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा जिथवर पोचेल तिथवरची गावं कंपनीची! ना साखळी ना चतुःसीमा. मग कंपनीने मद्रासहून खास चांगली पितळी तोफ धाडली, वर कळवलं की गोळा लांब टाकणं गोलंदाजाच्या कसबावर आहे. सप्टेंबरात चहूकडे बार काढले आणि कडलूर शहरासकट सगळं पदरात पाडून घेतलं. त्या गावांना पुढे गुंडू ग्रामम म्हणायचे, गोळ्याची गावं.

आता कोणी म्हणेल मराठे फसले. मला नाही पटत, दारात मोगल असताना रोकड महत्त्वाची, किनाऱ्यावरची ती गढी कितीशी कामाला येणार होती? पण तोफ कंपनीची, गोलंदाजही कंपनीचाच, हे मात्र खटकतं बुवा. आपल्याकडे साधा बांध मोजायचा तरी शेजाऱ्याला नोटीस जाते. आणि कंपनीला सौदा पुरेपूर फळला, 1746 मध्ये फ्रेंचांनी मद्रास घेतलं तेव्हा इंग्रजांचा कारभार इथूनच चालला, नंतर 1756 मध्ये रॉबर्ट क्लाइव्ह इथेच गव्हर्नर म्हणून आला.

जाणार असाल तर जिंजी आधी करा, तेही सकाळी लवकर, तिथला राजगिरी डोंगर चढताना ऊन जीव काढतं. कडलूर दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी बीचवर गर्दी असते.