इंजिन तर सुरू झालं होतं, मग अडलं कुठे?

हा प्रश्न मला गेली काही वर्षं इतक्या वेळा विचारला गेलाय की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच तो कळतो. इथे इंग्लंडात, लेस्टरमध्ये, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद हातात पडायच्या आत विचारतात, कोल्हापूरला लग्नाच्या पंगतीत विचारतात. ओळख ना पाळख, असे लोक रात्री मेसेज करतात: "दादा, अल्टिमाचं काय झालं? स्टार्ट तर झाली होती ना?" अल्टिमा म्हणजे मी गॅरेजमध्ये जोडत असलेली स्पोर्ट्स कार, तिच्या कामाचे व्हिडिओ मी शनिवारी टाकायचो. मी तीन उत्तरं तयार ठेवली होती. वेळ मिळत नाही, पार्ट येत नाहीत, मुलगी लहान आहे. तिन्ही खरी आहेत, पण गाडी अडली ती त्यांच्यामुळे नाही. आज काय झालं ते सांगून टाकतो.

आधी एक मात्र बोलू द्या, कारण या प्रश्नाच्या पोटात नेहमी दुसरा प्रश्न असतो: "शेवटी किटचीच गाडी ना ती?" हो, किटचीच. कंपनी चासी म्हणजे नळ्यांचा सांगाडा, फायबरची बॉडी आणि बाकीचे भाग देते, मालक घरी जोडतो. पण मॅक्लारेन कंपनीला एफ१ नावाची आपली रस्त्यावरची गाडी घडवताना इंजिन-गिअरबॉक्स तपासून बघायचे होते, तेव्हा त्यांनी दोन अल्टिमाच घेतल्या होत्या. एकीला अल्बर्ट म्हणायचे, दुसरीला एडवर्ड. माझी अल्टिमा जीटीआर त्याच घराण्यातली. साधारण एक टन वजन, पाठीमागे ६.२ लिटरचं शेवरलेचं व्ही-८ इंजिन, आणि एबीएस नाही, एअरबॅग नाही, ट्रॅक्शन कंट्रोल नाही. अशी गाडी वाकड्या चासीवर जोडली तर ती माणूस मारते. ती खेळणं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा त्या सीटवर बसावं. भारतात का नाही केलंस, असंही विचारतात. तिथे घरी जोडलेली गाडी नोंदवायची वाट फार अवघड आहे. इथे ती वाट कायद्यात आहे, तपासणी कडक आहे, पण आहे.

गाडी मी विम्याच्या भंगार लिलावातून घेतली, तेव्हा तिच्यावर 'एस' वर्गाचा शिक्का होता. म्हणजे सांगाड्याला मार लागलेला, पण दुरुस्त करून परत रस्त्यावर आणता येईल अशी. डाव्या बाजूने कठड्याला धडकलेली. चासीच्या पुढच्या नळ्या वाकलेल्या, चाक धरणारे डावे विशबोन मुडपलेले, नाक चक्काचूर. शिवाय फुटपाथच्या कडेवर घासत गेल्यामुळे इंजिनखालचा सम्प, म्हणजे तेलाचं भांडं, तडकलेला. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवा.

सगळ्यात मोठं काम होतं चासी सरळ करायचं. तिला पक्क्या टेबलावर बांधायचं, प्रत्येक माउंटिंगच्या भोकातून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खूण करायची, आणि दोन्ही कर्ण मोजायचे. पहिल्या दिवशी कर्णांत १४ मिलिमीटरचा फरक होता. वाकलेली नळी कापायची, नवी वेल्डच्या टिपक्यांनी, म्हणजे टॅक मारून, धरायची, परत मोजायचं. पूर्ण वेल्ड मारला की उष्णतेने ओढ बसते आणि फरक पुन्हा वाढतो, म्हणून एक टाका इकडे, एक टाका तिकडे, मध्ये थांबायचं. अकरा शनिवार-रविवार गेले. शेवटी फरक दीड मिलिमीटरवर आला. त्या अकरा आठवड्यांचा एकच व्हिडिओ झाला, आणि तो कुणी पाहिला नाही.

नाकाचं फायबर मात्र तुम्ही सगळ्यांनी पाहिलंत. आतून मॅट आणि रेझिनचे थर, बाहेरून भेगेच्या दोन्ही कडा लांबवर घासून उतार काढणं, लांबी म्हणजे पुट्टी भरणं, पॉलिश पेपर. ते डोळ्यांना दिसतं, फुटकं होतं ते अखंड होतं. तिथून माझी कामाची उतरंड बदलली. गाडीची गरज एक होती, शनिवारच्या व्हिडिओची दुसरी. मी ठरवून काही केलं नाही, पण जे दिसतं ते आधी आणि जे दिसत नाही ते नंतर, असं होत गेलं. जानेवारीत थंड गॅरेजमध्ये रेझिन धरत नाही हे मला पक्कं माहीत होतं. तरी एका आठवड्याला दाखवायला काही नव्हतं म्हणून थर मारला. तो चिकट राहिला आणि महिनाभराने सगळा खरवडून काढावा लागला. तेव्हाच शहाणं व्हायला हवं होतं.

पण बघणाऱ्यांनी वाट लावली, असं मी म्हणणार नाही. नाशिककडच्या एका माणसाने, ज्याने आयुष्य गॅरेजमध्ये काढलंय, व्हिडिओ थांबवून-थांबवून बघितला आणि लिहिलं: "उजव्या बॉल जॉइंटच्या कॅसल नटमध्ये पिन दिसत नाही." चाकाच्या सांध्यावरचा नट सुटू नये म्हणून ती पिन असते. मी पळत जाऊन पाहिलं. खरंच नव्हती. नुसता नट आवळून मी चाक चढवलं होतं. तो नट रस्त्यावर सुटला असता तर हे लिहायला मी नसतो. ज्या कॅमेऱ्यामुळे मी घाई केली, त्याच कॅमेऱ्यामुळे ती पिन सापडली. याचा हिशेब मला अजून मांडता आलेला नाही.

आता पाडव्याबद्दल.

मीच जाहीर केलं होतं की २०२२ च्या दिवाळी पाडव्याला इंजिन सुरू करणार, तेही लाइव्ह. कुणी मागणी केली नव्हती. पाडव्याला गाडी घरी आणतात, म्हणून तो दिवस बरा वाटला. बुधवार होता, मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. इथले संध्याकाळचे सहा, म्हणजे तिकडे साडेदहा, लोक फराळ-जेवणं आटपून मोकळे असतील असा हिशेब.

नवा सम्प मी सप्टेंबरातच बसवला होता. त्याच्याबरोबर तेल ओढणारी पिकअपची नळीही नवी. या इंजिनात तेलाचा पंप क्रँकच्या, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुढच्या टोकावर असतो. नळीचं तोंड त्यात घुसतं, मध्ये एक रबरी ओ-रिंग, आणि नळी धरायला एकच बोल्ट. रिंग चिमटली किंवा पातळ पडली तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो. म्हणून रिंगा वेगवेगळ्या जाडीच्या येतात आणि नळीप्रमाणे बघून घ्याव्या लागतात. हे सगळं मी त्या व्हिडिओत नीट समजावून सांगितलंय. सांगताना माझं तोंड कॅमेऱ्याकडे आहे आणि हात रिंग बसवतायत. तो भाग मी नंतर पुन्हा-पुन्हा पाहिला. नळी आत जाताना हाताला किंचित अडल्यासारखी होते, आणि मी वाक्य न तोडता ती दाबतो.

माझे वडील, आप्पा, चाळीस वर्षं कोल्हापुरात उद्यमनगरात इंजिनांच्या कामात होते. त्यांचा एक नियम होता. उघडलेलं इंजिन परत जोडलं की आधी ते नुसतं फिरवायचं. डिझेल असेल तर इंधन तोडून, पेट्रोल असेल तर प्लग काढून. तेलाच्या दाबाचा काटा वर आला की मगच स्टार्ट. "तेल चढलं काय?" हे वाक्य मी लहानपणी शंभरदा ऐकलंय. मला ते माहीत नव्हतं असं नाही. मंगळवारी रात्री मी तेच करणार होतो. पण मंगळवारी रात्री मी पाठीमागच्या झाकणाच्या आत दिव्यांच्या पट्ट्या बसवत होतो, इंजिन छान दिसावं म्हणून. दोन वाजले. आठही प्लग काढून परत बसवायचं त्राण उरलं नाही. म्हटलं, नवं तेल घातलंय, चढेल.

संध्याकाळी गॅरेजमध्ये पंधरा-वीस जण होते, लहान मुलं होती, कुणी चकल्या आणल्या होत्या. बायकोने गाडीला कुंकू लावलं. लाइव्हवर दोन हजारांच्या वर माणसं होती. मी बटण दाबलं आणि इंजिन तिसऱ्या फेऱ्याला पेटलं. तो आवाज तुम्ही ऐकलाय. पोरं ओरडली. मी प्रेशरच्या काट्याकडे पाहिलं. शून्य.

थंड इंजिनात काटा दोन-तीन सेकंदांत चाळिसाच्या वर जायला हवा. पाच सेकंद झाले, दहा झाले. बंद करायला एक बोट पुरलं असतं. मी काय केलं? कॅमेऱ्याकडे वळून म्हणालो, "काटा दाखवत नाहीये, सेन्सरची वायर सैल असणार." ती वायर मी घाईत जोडली होती हे खरं, त्यामुळे मला स्वतःला ते पटलंही. कुणीतरी मागून म्हणालं, "एक रेस दे ना." मी दिली. तीन हजारांपर्यंत नेली.

त्याच वेळी बाकावर ठेवलेला फोन थरथरू लागला. आप्पा. ते कोल्हापुरात बसून लाइव्ह बघत होते आणि त्यांना डायलवरचा काटा दिसला होता. मी नाव वाचलं आणि फोन पालथा घातला. नंतर मोजलं तर इंजिन पेटल्यापासून बंद करेपर्यंत ४७ सेकंद होते. शेवटच्या दहा सेकंदांत खालून टकटक ऐकू येते. हेडफोन लावून ऐका, स्पष्ट आहे. मी बंद केलं, टाळ्या पडल्या, मी हात वर केले आणि म्हणालो, "आजच्यापुरतं एवढंच."

तर इंजिन सुरू झालं होतं आणि तिथेच संपलंही होतं. तुम्ही सगळ्यात जास्त वेळा पाहिलेला माझा व्हिडिओ हा एक इंजिन मरतानाचा व्हिडिओ आहे. त्याचं शीर्षक मी 'पहिला स्टार्ट, यशस्वी' असं ठेवलं आणि नंतरही बदललं नाही.

चार दिवसांनी सम्प उतरवला. तेलात धातूची चमकी होती, उन्हात धरली तर जरीसारखी. रिंग एका बाजूने चिमटून कापली गेली होती. मेन आणि कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगचे शेल खरवडलेले, क्रँकच्या दोन जर्नलवर, म्हणजे बेरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांवर, नख अडकेल अशा रेघा. आप्पांना फोन केला तेव्हा ते रागावतील असं वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "मी फोन केलता." मी म्हणालो, "आवाजात ऐकू आला नाही." हे खोटं मी त्यांच्याशी बोललो. हे वाचून त्यांना कळेल.

तेव्हाचा मी माझ्याशी अजून वाद घालतो. तो म्हणतो, कॅमेरा नसता तर तू ती चासी तिसऱ्या आठवड्यातच झाकून ठेवली असतीस. लोक वाट बघत होते म्हणून तू रोज उठून गॅरेजमध्ये गेलास. ते खरं आहे. मी म्हणतो, लोक वाट बघत होते म्हणूनच तू दिव्यांच्या पट्ट्या बसवल्यास. तेही खरं आहे. मग तो म्हणतो, कॅमेरा नसतानाही लोक घाई करतात, रिंगा चिमटतात. इथे माझ्याकडे उत्तर नसतं. फोन पालथा घालायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

काहींना वाटेल, इतकी वर्षं गप्प राहून फसवलं. हो, वाटू द्या. पण ज्यांनी "पूर्ण होत नाही तर विकून टाक" असं लिहिलं, त्यांना सांगतो: विकायला काढली तर हे सगळं घेणाऱ्याला सांगावं लागेल, आणि मला ते तुम्हाला आधी सांगायचं होतं.

क्रँक ग्राइंड होऊन आला आहे, बेरिंग नवे आहेत, खालचा भाग जोडून इंजिन स्टँडवर उलटं ठेवलंय. नळी बसवायची बाकी आहे. तीन जाडीच्या रिंगा आणून ठेवल्यात आणि कॅलिपरने मोजून त्यातली एक बाजूला काढली आहे. गेल्या रविवारी बसवायला घेतली. हात पुसले, नळी उचलली, आणि सवयीने मान वर करून ट्रायपॉड कुठे आहे ते शोधलं. नळी परत कापडावर ठेवली. अजून तिथेच आहे.