फाडण्यासाठी नव्हे, उघडण्यासाठी: लेकीच्या शंभराव्या मॅचचा बॅनर

गेल्या वर्षी लेकीची शंभरावी मॅच झाली. बॅनरचे फोटो पाहून इथल्या ओळखीच्या दोघी-तिघींनी विचारलं, कुठून करून घेतलास, किती पडले, वाऱ्यात टिकतो का. प्रत्येकीला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. आम्ही मेलबर्नच्या पश्चिमेला राहतो. पॉइंट कुक, तारनीट, ट्रुगानिना या पट्ट्यात मराठी घरं बरीच आहेत आणि त्यांतली काही पोरं आता हिवाळाभर फूटीच्या मैदानावर असतात, त्यामुळे हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

ज्यांचा फूटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फूटी म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, अंडाकृती मैदानावर अंडाकृती चेंडूने खेळतात. मोठ्यांच्या संघात मैदानावर एका बाजूचे अठरा जण. दोन्ही टोकांना चार-चार खांब; मधल्या दोन उंच खांबांमधून लाथेने चेंडू घातला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. मॅच सुरू होण्याआधी संघ भल्यामोठ्या बॅनरमधून धावत मैदानात येतो. एएफएल म्हणजे या खेळाची देशातली सर्वांत मोठी लीग; तिच्या मोठ्या क्लबांचे बॅनर त्यांचे समर्थक दर आठवड्याला रात्री जागून क्रेप पेपर आणि चिकटपट्टीने बनवतात आणि खेळाडू काही सेकंदांत त्याच्या चिंध्या करतात. कुणाची पन्नासावी, शंभरावी, दोनशेवी मॅच असेल तर त्याचं नाव बॅनरवर. एएफएलचा खेळाडू ब्रेंट हार्वे 2016 साली निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर 432 सामने होते. त्याच्यासाठी किती क्रेप पेपर खर्ची पडला असेल देव जाणे. गल्लीतल्या क्लबांमध्येही हेच वेड आहे, फक्त आकडे लहान आणि बॅनर करणारे म्हणजे आपण आईबाप.

पहिलं काम बॅनरचं नाहीच, मोजणीचं आहे. शंभरावी मॅच नेमकी कोणती, हे ठरवण्यात माझा जितका वेळ गेला तितका शिवणकामातही गेला नाही. एएफएलच्या महिलांच्या लीगचा पहिला सामना 3 फेब्रुवारी 2017 ला प्रिन्सेस पार्कवर झाला, कार्ल्टन विरुद्ध कॉलिंगवूड. गर्दी इतकी की साडेचोवीस हजार लोक आत घेऊन दारं बंद करावी लागली. आमच्या कन्येने तो टीव्हीवर पाहिला आणि पुढच्या हंगामात नाव नोंदवायला लावलं. सुरुवातीला मुलामुलींच्या मिश्र संघात, मग मुलींच्या. हंगामात जेमतेम चौदा-पंधरा सामने. 2020 मध्ये कोविडमुळे मेलबर्नमध्ये स्थानिक फूटी झालीच नाही, 2021 चा हंगाम लॉकडाऊनने अर्ध्यात तोडला. म्हणजे शंभरी गाठायला मोठ्यांना लागतात त्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं लागतात आणि मधल्या काळात नोंदी ठेवण्याची पद्धतच बदलते.

क्लबचा रजिस्ट्रार हा माणूस इथे देवासारखा. अलीकडच्या सगळ्या मॅच प्लेएचक्यू या नोंदींच्या वेबसाइटवर दिसतात, आपल्याला घरबसल्या मोजता येतात. त्याआधीच्या मात्र जुन्या प्रणालीत आहेत, त्या त्यालाच काढाव्या लागतात. वाद होतात ते काठावरच्या मॅचवरून. लेक वरच्या वयोगटात माणसं कमी पडली म्हणून खेळली, ती मॅच धरायची का? आमच्या क्लबमध्ये धरतात. ऑसकिकचे, म्हणजे अगदी लहान मुलांना फूटी शिकवणाऱ्या वर्गाचे, दिवस धरत नाहीत, सरावाचे सामने धरत नाहीत, फायनल्स, म्हणजे हंगामाच्या शेवटचे बाद फेरीचे सामने, धरतात. दुसऱ्या क्लबमधून आलेल्या मुलीचे आधीचे सामने? त्यावर आमच्या कमिटीत आजही दोन तट आहेत. तुमच्या क्लबचा नियम वेगळा असू शकतो, तेव्हा हंगाम सुरू होतानाच विचारून ठेवा आणि उत्तर लेखी घ्या. एका ओळखीच्या घरी मुलाची पन्नासावी साजरी झाली आणि नंतर कळलं की ती एक्कावन्नावी होती. पोराला काही वाटलं नाही, आजोबांना फार लागलं.

याच कारणाने बॅनरवर तारीख किंवा कितवी फेरी ते कधीच छापू नका. पोरगी आजारी पडते, पाऊस पडून मैदान बंद होतं, बाय म्हणजे बिनसामन्याचा आठवडा येतो आणि शंभरावी पुढच्या रविवारी सरकते.

आता बॅनर. माझा धाकटा भाऊ कराडला फ्लेक्सचं दुकान चालवतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावी नगरसेवक, सगळं तो छापतो. त्याला व्हिडिओ कॉलवर सांगितलं की असा असा बॅनर हवाय, मुलं त्यातून धावत जाणार. तो जरा थांबला आणि म्हणाला, "ताई, फ्लेक्स फाटू नये म्हणून आम्ही कडेला दोरी घालून पेस्टिंग करतो. तुला फाटणारा करून देऊ?" मागून आईचा आवाज आला, "नाव लिहिलेला कागद पायाखाली येणार? पोरीचं नाव?" आईला कसं समजवायचं हे मला सुचेना. खरं सांगायचं तर तिचं म्हणणं मलाही पटलं. क्रेप पेपरची मजा वेगळी, पण आपण वहीला पाय लागला तरी नमस्कार करणारी माणसं. आणि व्यवहारही होता. क्रेप पेपर दवात भिजला की रंग सोडतो, इथल्या सकाळी मैदान ओलंच असतं, पांढऱ्या शॉर्ट्सवर निळे डाग पडतात. शिवाय तो फक्त एकदाच चालतो. मॅच संपल्यावर गवतातून चिंध्या वेचत बसायचं तेही आपणच.

म्हणून पुन्हा पुन्हा वापरता येईल असा बॅनर करायचं ठरलं. कापडासारखा व्हायनल, मधोमध उभा चिरलेला, दोन्ही भाग वेलक्रोने जोडलेले. वरच्या बाजूला क्लबचं नाव आणि बोधचिन्ह कायमचं छापलेलं. मधे दोन रिकाम्या जागा: एक नावाची, एक आकड्याची. त्यावर वेगळी पट्टी चिकटवायची. 50, 100, 150 च्या पट्ट्या एकदाच करून ठेवायच्या, नावाची तेवढी दर खेपेला नवीन. सगळा बॅनर दर वेळी छापण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं. कमिटीने मोठ्या बॅनरचा खर्च उचलला, नावाची पट्टी ज्याची त्याने द्यायची. मला वाटतं ही वाटणी योग्य आहे, नाहीतर ज्यांना परवडतं त्यांच्याच पोरांचे बॅनर होतात आणि बाकीची पोरं कडेला उभी राहून बघतात.

नावाच्या पट्टीवर फक्त पहिलं नाव आणि जर्सीचा नंबर. आडनाव नाही, चेहऱ्याचा फोटो नाही. लहान मुलांच्या सुरक्षिततेचा क्लबचा नियम आहे आणि चांगला आहे. भावाला हे अजिबात पचलं नाही. "फोटो नाही तर फ्लेक्स कसला?" असं तो तीनदा तरी म्हणाला. पण डिझाइन त्यानेच करून दिलं, कोरलड्रॉमध्ये, दुकान बंद झाल्यावर. रंग स्क्रीनवर दिसतो तसा छापून येत नाही, निळा जांभळटाकडे जातो, हे त्यानेच आधी बजावलं आणि छपाईच्या रंगांत फाइल बनवून पाठवली. ते पैसे वाचले.

छपाई मात्र इथेच करावी लागली. पहिल्या छापखान्याने नमुना पाठवला तो बघून मी चहा बाजूला ठेवला. आमचं बोधचिन्ह पाठवलेलं असताना त्यांनी इंटरनेटवरून दुसऱ्याच क्लबचं उचललं होतं, आणि तो क्लब आमचा शेजारचा, दरवर्षी आम्हाला हरवणारा. फोन केला तर उत्तर आलं, पक्षी तोच आहे ना! तिथून काम काढून घेतलं. दुसरीकडे थोडे जास्त पडले, एकूण अडीचशे डॉलरच्या आत काम झालं. नमुना आला की घरातल्या लहान मुलाला दाखवा, तो जे पकडतो ते आपल्याला दिसत नाही.

खरी गंमत वेलक्रोची. मी वरपासून खालपर्यंत सलग पट्टी शिवली आणि अंगणात लेकीला पळायला लावलं. ती सोळा वर्षांची, दणकट, ती गेली आरपार. मग शेजारची नऊ वर्षांची पोर पळत आली आणि बॅनरला आपटून गवतावर बसली. वेलक्रो ओढून सुटत नाही, सोलून सुटतो. म्हणून सलग पट्टी काढून टाकली आणि वीतभर अंतरावर रुपयाएवढे तुकडे लावले. वरचे दोन घट्ट, खालचे सगळे हलके. शिवाय काठ्या धरणाऱ्या दोघांनी ताठ ओढून धरायचं नाही. मुलं जवळ आली की अर्धं पाऊल आत यायचं, म्हणजे बॅनर सैल पडतो आणि मधोमध फट उघडते. ते अर्धं पाऊल जमलं की बाकी सगळं आपोआप होतं.

वाऱ्याचा उपाय भावाचा. पश्चिमेकडे सगळं सपाट, वारा अडवायला काही नाही. "होर्डिंगला आम्ही अर्धगोल काप मारतो, तसे मार," म्हणाला. अक्षरं सोडून मोकळ्या जागेत काप मारले. बॅनर शिडासारखा फुगायचा तो थांबला.

मग ओळी. मोठ्या क्लबांच्या बॅनरवर यमक जुळवलेल्या ओळी असतात. आमच्या भागातला संघ म्हणजे वेस्टर्न बुलडॉग्ज, फुटस्क्रेचा. डॅनी मॅकगिन्ली या विनोदवीराने 2014 पासून त्यांच्या बॅनरवर खोडकर ओळी लिहायला सुरुवात केली आणि लोक मॅचपेक्षा आधी बॅनर वाचायला लागले. मला वाटलं, हा तर आपला उखाणाच, नाव घेऊन यमक जुळवायचं! मी उत्साहाने इंग्रजीत चार ओळी रचल्या. लेकीने वाचल्या आणि फोन परत दिला. शेवटी बॅनरच्या मागच्या बाजूला, जी फक्त तिच्या संघाला दिसते, संघातल्या मुलींनी स्वतः लिहिलेली एक ओळ लागली. ती इथे देण्यासारखी नाही. माझा उखाणा घरच्या ग्रुपवर गेला:

मैदानभर चिखल, वरून पावसाची झोड,
लेकीचं नाव घेते, शंभराव्या मॅचला नाही तोड.

आईने सात बदाम पाठवले.

मॅचच्या दिवशी वेळ फार थोडा मिळतो. आधीच्या वयोगटाची मॅच संपते, पुढचीचे पंच घड्याळ बघत उभे असतात, आणि नाणेफेकीआधी बॅनर व काठ्या सीमारेषेबाहेर पाहिजेत. तेव्हा काठ्यांवर बॅनर घरूनच चढवून न्या आणि धरणारे दोघं आदल्या दिवशी नक्की करा. कँटीनच्या ड्यूटीवर असलेल्या बापाला धरायला सांगू नका, तो ऐन वेळी सॉसेज परतत असतो. ज्याचा दिवस आहे तो चेंडू घेऊन पुढे, मागे संघ, दोन्ही बाजूंना ऑसकिकची चिल्लीपिल्ली ओळीने उभी. लेक पहिली आत घुसली, वेलक्रोचा चर्र आवाज झाला, आणि मागून येणाऱ्या एका मुलीच्या वेणीत नावाची पट्टी अडकून ती तसाच नंबर मिरवत मध्यापर्यंत गेली. मॅच आम्ही हरलो, बऱ्यापैकी. तरी शेवटी मुलींनी लेकीला खांद्यावर घेतलं.

बॅनर आता क्लबच्या स्टोअरमध्ये असतो आणि त्याची किल्ली माझ्याकडे. गुंडाळून ठेवायचा, घडी घालायची नाही, घडीवर छपाई तडकते. ओला असेल तर आधी गॅरेजमध्ये वाळवायचा. पुढच्या महिन्यात एकाच रविवारी, एकाच संघातल्या दोघांची पन्नासावी आहे. बॅनर एक, नावाची जागा एक. कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली, हे त्यांच्या आयांनी आपसांत ठरवावं असं मी कळवलंय. अजून दोघींचाही रिप्लाय नाही.