मोटारसायकल कंपनीच्या नावावर घेण्याआधी हा हिशेब मांडा

इंग्लंडमध्ये स्वतःची लिमिटेड कंपनी काढून काँट्रॅक्टवर काम करणाऱ्या आपल्या मराठी मंडळींत ऊन पडू लागलं की एक प्रश्न हमखास निघतो. बाइक घ्यायचीच आहे, मग कंपनीच्या खात्यातून का नको? मी रेडिंगला राहतो, कामाला दुचाकीवर जातो, आणि या प्रश्नावर माझं मत पक्कं आहे. कंपनीत तुम्ही एकटेच डायरेक्टर असाल आणि रविवारीही तीच गाडी बाहेर काढणार असाल, तर ती स्वतःच्या नावावर घ्या. कामाच्या मैलांचे पैसे कंपनीकडून घ्या.

कंपनीच्या नावावर घ्यायचा मोह का होतो, ते मला कळतं. भांडवली सवलतीच्या नियमांत मोटारसायकल 'कार' धरत नाहीत. त्यामुळे ॲन्युअल इन्व्हेस्टमेंट अलाउन्सखाली पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी नफ्यातून वजा करता येते. ८,००० पौंडांची गाडी आणि १९ टक्के कॉर्पोरेशन टॅक्स धरला, तर १,५२० पौंड लगेच वाचले. व्हॅटच्या कायद्यात कारला किमान तीन चाकं लागतात, म्हणून कारवरचा व्हॅट परत न मिळण्याचा नियमही दुचाकीला लागत नाही. कामाच्या वापरापुरता व्हॅट परत मागता येतो. इथपर्यंत सगळं छान आहे, आणि बहुतेकांचा हिशेब इथेच थांबतो.

पुढचा हिशेब तुमच्या स्वतःच्या कराचा. कंपनीची वस्तू तुम्हाला खासगी वापरासाठी उपलब्ध असेल, तर तो 'बेनिफिट इन काइंड', म्हणजे वस्तूच्या रूपात मिळालेला करपात्र लाभ, होतो. तुम्ही प्रत्यक्षात किती फिरलात हा मूळ मुद्दा नाही. गाडी तुमच्या दारात उभी आहे आणि किल्ली तुमच्या खिशात आहे, एवढं पुरतं. कारसाठी उत्सर्जनावर आधारलेला वेगळा तक्ता आहे. मोटारसायकलला तो लागू नाही. तिला सर्वसाधारण मालमत्तेचा नियम लागतो: वस्तू पहिल्यांदा तुमच्या हाती आली तेव्हाच्या बाजारभावाच्या २० टक्के, दर वर्षी. शिवाय विमा, सर्व्हिसिंग, रोड टॅक्स असा जो खर्च कंपनी करते, तो वेगळा.

म्हणजे ८,००० च्या गाडीवर १,६०० पौंड, आणि वरखर्च ९०० धरला तर एकूण २,५००. तुम्ही ४० टक्क्यांच्या पट्टीत असाल तर वर्षाला १,००० पौंड प्राप्तिकर. त्यावर कंपनीला क्लास १ए नॅशनल इन्शुरन्स (अशा लाभांवर कंपनीने भरायचा सामाजिक विम्याचा हप्ता), २०२५-२६ च्या १५ टक्के दराने ३७५ पौंड. गाडी जुनी होते, तिची किंमत उतरते, पण हे १,६०० उतरत नाहीत. पाच वर्षांत पूर्ण किमतीएवढ्या रकमेवर कर भरून होतो, आणि सहाव्या वर्षी तोच आकडा पुन्हा करपात्र धरतात.

मला खरा राग येतो तो विजेवरच्या दुचाकींच्या बाबतीत. २०२५-२६ मध्ये ४०,००० पौंडांच्या इलेक्ट्रिक कारचा करपात्र लाभ धरत होते यादीतल्या किमतीच्या ३ टक्के, म्हणजे १,२०० पौंड. ८,००० च्या इलेक्ट्रिक मोटारसायकलचा १,६००. पाचपट स्वस्त, रस्त्यावर कमी जागा अडवणारं वाहन, आणि कर जास्त! हा नियम बदलायला हवा असं मला मनापासून वाटतं. पण तो आहे तोवर, 'इलेक्ट्रिक आहे म्हणजे जवळपास माफ' हे कारबद्दल ऐकलेलं वाक्य बाइकला लावू नका.

गाडी कंपनीतून स्वतःच्या नावावर करून घ्यायची म्हटली, तरी सुटका नाही. त्या दिवसाचा बाजारभाव, किंवा मूळ किमतीतून आजवर करपात्र धरलेली रक्कम वजा जाता उरलेला आकडा, यांत जो मोठा तो धरतात. तीन वर्षांनी आमच्या उदाहरणातली गाडी बाजारात ५,००० ला जात असेल, तर दुसरा आकडा येतो ३,२००. म्हणजे ५,००० धरायचे. तेवढे पैसे तुम्ही कंपनीला दिले नाहीत, तर फरकावर पुन्हा कर. आणि पहिल्या वर्षी घेतलेल्या सवलतीतला काही भाग विक्रीच्या वर्षी कंपनीच्या करपात्र नफ्यात पुन्हा जमा धरावा लागतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे: स्वतःच्या नावावर घ्यायची तर पैसे डिव्हिडंड म्हणून बाहेर काढावे लागतात, आणि त्यावर कर बसतो. बरोबर. वरच्या पट्टीत तो २०२५-२६ ला ३३.७५ टक्के होता, हलका नाही. म्हणून मी पाच वर्षांची दोन्ही बाजूंची मांडणी करून पाहिली. कामाचे मैल शून्य धरले तरी वरच्या पट्टीत दोन्ही बाजू जवळपास सारख्या येतात, २० टक्क्यांच्या पट्टीत स्वतःची गाडी थोडी पुढे. मग प्रत्येक कामाचा मैल स्वतःच्या गाडीचं पारडं जड करत जातो.

कारण तो मैल २४ पेन्सचा आहे. स्वतःची मोटारसायकल कामासाठी वापरल्यास कंपनी मैलाला २४ पेन्स करमुक्त देऊ शकते. कारचा ४५ पेन्सचा दर १०,००० मैलांनंतर २५ वर येतो. दुचाकीला तशी पायरी नाही. वर्षाला ६,००० मैल झाले तर १,४४० पौंड तुमच्या खिशात करमुक्त, आणि कंपनीचा तेवढा खर्च नफ्यातून वजा. पेट्रोल, विमा, टायर सगळं त्यातच आलं, त्यामुळे त्यांच्या पावत्या वेगळ्या लावायच्या नाहीत. पार्किंग मात्र वेगळं मागता येतं.

त्यासाठी नोंदवही लागते, आणि ती त्याच संध्याकाळी भरावी. माझ्या टँकबॅगमधल्या वहीत एक ओळ अशी असते: तारीख, घर ते स्विंडन, क्लायंटच्या सर्व्हर रूमची पाहणी, निघताना आणि परतताना मीटरचा आकडा, एकूण ८१ मैल. दोन्ही पोस्टकोड. एचएमआरसीने (ब्रिटनच्या करखात्याने) विचारलं तर 'अंदाजे आठवड्याला इतके' चालत नाही.

कुठला प्रवास कामाचा, इथे लोक फसतात. क्लायंटचं ठिकाण तात्पुरतं असेल तरच घरापासूनचे मैल चालतात. तिथे कामाच्या वेळेतला ४० टक्के किंवा अधिक वेळ जातोय आणि काम २४ महिन्यांपेक्षा जास्त चालणार असं दिसलं, की त्या दिवसापासून तो रोजचा साधा येण्याजाण्याचा प्रवास झाला. चोवीस महिने भरेपर्यंत थांबायचं नसतं. मुदतवाढीच्या ईमेलनेही चित्र बदलतं. काँट्रॅक्ट आयआर३५ च्या आत असेल, म्हणजे कराच्या दृष्टीने तुम्ही क्लायंटचे नोकरच धरले जात असाल, तर घर ते क्लायंट हे मैल विसरा.

कंपनीची गाडी शोभते ती खरोखर कामाच्या गाडीला. कुरियर, रायडिंग स्कूल, किंवा रात्री कंपनीच्या आवारातच कुलपात राहणारी बाइक. खासगी वापराला लेखी मनाई हवी, ती प्रत्यक्षात पाळलेली हवी, आणि विमा फक्त कामाच्या वापराचा हवा. तसं असेल तर बेनिफिट लागत नाही आणि पहिल्या वर्षीची पूर्ण सवलत खरोखर पदरात पडते. मात्र विमा कंपनीला आधीच फोन करा. गाडीची मालकी कंपनीची, चालवणारे तुम्ही, हे ऐकल्यावर काही जण पॉलिसीच देत नाहीत.