कबूतर सुटलं, घुबड अडकलं

बहुतेक पक्षी माणसाकडे एका वेळी एकाच डोळ्यानं बघतात. कोंबडी मान तिरकी करते, कावळा आधी ही बाजू दाखवतो, मग ती. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यावर बिचारे दुसरं काय करणार! घुबड मात्र समोर तोंड करून, दोन्ही डोळ्यांनी सरळ बघतं. सपाट गोल चेहरा, मधोमध नाकासारखी खाली वळलेली चोच. पक्ष्याच्या अंगावर कुणी माणसाचं तोंड आणून बसवलंय असं वाटावं. घुबडाशी नजरानजर झाली की मला दर वेळी वाटतं, आपण काहीतरी कबूल करायचं राहिलंय आणि ते शांतपणे वाट बघतंय.

माझा आपला एक समज आहे. घुबडाबद्दल जगभर जे काही बरंवाईट बोललं गेलं, त्यातलं निम्मं या तोंडामुळे आणि उरलेलं आवाजामुळे. त्याच्या वागणुकीकडे फारसं कुणी पाहिलेलंच नाही.

तोंडाचं म्हणाल, तर पंचतंत्रात त्याचा सरळ न्यायनिवाडाच झालाय. गरुड विष्णूच्या सेवेत गुंतलेला, पक्ष्यांकडे लक्ष द्यायला त्याला सवड नाही, म्हणून सगळ्यांनी मिळून घुबडाला राजा करायचं ठरवलं. तीर्थांचं पाणी आलं, आसन मांडलं, मुहूर्त जवळ आला. तेवढ्यात कावळा उपटला. मोर, हंस, चक्रवाक असले देखणे पक्षी असताना तुम्हाला हाच मिळाला का, असं म्हणून त्यानं मुख्य मुद्दा काढला: राग आलेला नसताना याचं तोंड हे असं, मग रागावल्यावर कसं दिसेल? झालं. पक्षी पांगले. दिवसा दिसत नसल्यामुळे घुबड तसंच आसनावर बसून राहिलं आणि अभिषेक का होत नाही म्हणून विचारू लागलं. कावळा आणि घुबड यांचं हाडवैर तिथून सुरू झालं म्हणतात. गोष्ट मला आवडते, पण एका जागी ती घुबडावर अन्याय करते. घुबडाला दिवसा चांगलं दिसतं. पिंगळे, म्हणजे आपली छोटी घुबडं, तर भर उजेडात ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसतात. म्हणजे खऱ्या घुबडाला तो सगळा अपमान डोळ्यांनी बघावा लागला असता.

याच्याही मागे जायचं तर ऋग्वेदात जावं लागतं. दहाव्या मंडलातलं १६५वं सूक्त घरात शिरलेल्या एका पक्ष्याच्या भीतीनं रचलेलं आहे. हा निर्ऋतीचा, म्हणजे विनाशाच्या देवतेचा, दूत आहे, यानं आमच्या माणसांना, गुराढोरांना काही करू नये, अशी विनवणी. हा पक्षी कुठला? कपोत. कबूतर! घुबडाचं नाव त्यात ओझरतं येतं: ‘यदुलूको वदति मोघमेतत्’, घुबड जे बोलतं ते फोल ठरो. मुख्य आरोपी कबूतर, घुबड नुसतं साथीदार. पुढे काय झालं बघा. कबूतर निर्दोष सुटलं, इतकं की १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तीपत्रकावर पिकासोचं कबूतर झळकलं आणि ते जगभर शांततेचं चिन्ह झालं. घुबड मात्र अजून तारखांवर तारखा घेतंय. गंमत अशी, की याच पिकासोनं तीनेक वर्षं आधी फ्रान्समधल्या अंतीबमध्ये पायाला इजा झालेलं एक छोटं घुबड सांभाळलं होतं. त्याची चित्रं काढली, पुढे मातीची घुबडं घडवली. शांततेसाठी पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा मात्र कबूतर. पिकासोला तरी काय दोष द्यायचा? पोस्टरवरून असं रोखून बघणारा पक्षी कोणत्या परिषदेला चालला असता!

मुळात त्या चेहऱ्याला चेहरा म्हणायचं का, इथूनच सुरुवात आहे. गव्हाणी घुबडाचं ते पांढरं, बदामी आकाराचं तोंड म्हणजे ताठ पिसांनी बांधलेली ताटली असते. आवाज गोळा करून कानांकडे नेणं हे तिचं काम. कान त्या पिसांच्या आड, आणि तेही एकाच रेषेत नाहीत. एक जरा वर, एक जरा खाली. त्यामुळे उंदराची खसखस डावीकडून की उजवीकडून एवढंच नव्हे, तर वरून की खालून हेही कळतं. रॉजर पेन या संशोधकानं पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून दाखवलं, की गव्हाणी घुबड निव्वळ आवाजावर उंदीर पकडतं. म्हणजे आपण ज्याला तोंड समजून घाबरलो, तो खरं तर एक मोठा कान. आणि ते टक लावून बघणं? घुबडाचे डोळे गोल नसतात, नळीसारखे असतात आणि खोबणीत पक्के बसलेले असतात. नजर फिरवायची सोयच नाही. म्हणून मान फिरवायची, आणि तीही थोडीथोडकी नाही, २७० अंशांपर्यंत. आपल्या मानेत सात मणके, त्याच्या मानेत चौदा. फ्रान्समधल्या शोवे गुहेत, जी १९९४ साली सापडली, तीस हजार वर्षांहून जुनं एक घुबड मऊ भिंतीवर बोटानं रेखलेलं आहे. त्याचं तोंड आपल्याकडे आणि अंग पाठमोरं. त्या माणसानं शुभ-अशुभाचं काय ठरवलं होतं देव जाणे, पण पक्षी त्यानं नीट पाहिला होता.

आवाजाचं प्रकरण थोडं वेगळं. घुबड ओरडलं की घरात कुणीतरी जातं, ही समजूत केनियातल्या किकुयू लोकांपासून मेक्सिकोपर्यंत पसरलेली आहे. मेक्सिकोत तर तशी म्हणच आहे: घुबड गातं, आदिवासी मरतो. इतक्या दूरदूरच्या लोकांना एकच गोष्ट सुचली म्हणजे तिच्यात काहीतरी तथ्य असणार, असं वाटणं साहजिक आहे. तथ्य आहेच, पण दिव्याचं. जर्मन खेड्यांत छोट्या घुबडाला मरणाचा पक्षी म्हणत. त्याची हाक त्यांना ‘चल माझ्याबरोबर’ अशी ऐकू येई. वीज नव्हती त्या काळी रात्रभर दिवा कुठल्या खिडकीत जळायचा? जिथं कुणी अखेरच्या दुखण्यात असेल तिथं. दिव्यावर किडे यायचे, किड्यांवर हे घुबड यायचं आणि खिडकीशी बसून ओरडायचं. आत उशाशी बसलेली माणसं जागी, कान टवकारलेले. सकाळी माणूस गेला की साक्ष पुरी. ज्या घरांत सगळे गाढ झोपले होते, त्यांच्या कौलांवरही घुबडं ओरडून गेली असतील. ती कुणी ऐकली?

रोमन लोकांना ही भीती फारच होती. घुबड कॅपिटॉलच्या देवळात शिरलं म्हणून सगळ्या रोम शहराची शुद्धी करावी लागली, असं प्लिनी या रोमन लेखकानं लिहून ठेवलंय. तिथून समुद्र ओलांडला की अथेन्स, आणि तिथं हाच पक्षी बुद्धीची देवी अथेना हिचा लाडका, चांदीच्या नाण्यावर तिच्या पाठीला पाठ लावून बसलेला. ग्रीसच्या एक युरोच्या नाण्यावर अजून तेच घुबड आहे. हे अथेनाचं घुबड आणि आपला पिंगळा चुलतभाऊ लागतात. शास्त्रज्ञांनी दोघांनाही तिचंच नाव दिलंय, तो अथीनी नॉक्टुआ, हा अथीनी ब्रामा. एकाला बुद्धीचं पद मिळालं, दुसऱ्याच्या नावानं भल्या पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणारे पिंगळे. तेही काही वाईट नाही. एकनाथांनी भारुडात घेतलंच की त्याला.

या मानाचा उपयोग कसा करून घ्यावा हे सिसिली बेटावरच्या सिराक्यूज या ग्रीक शहराचा हुकूमशहा अगाथोक्लीस जाणून होता. इसवी सनपूर्व ३१० मध्ये तो सैन्य घेऊन आफ्रिकेत कार्थेजवर चालून गेला. समोरचं सैन्य बघून त्याच्या लोकांनी धीर सोडला. त्यानं आधीच गोळा करून ठेवलेली घुबडं सैन्यात सोडून दिली. ती ढालींवर, शिरस्त्राणांवर जाऊन बसली. देवी आपल्या बाजूला आली म्हणून सैनिकांना चेव चढला आणि त्यांनी लढाई जिंकली. भर दिवसा पिशवीतून सोडलेल्या घुबडाला मिळेल त्या शिरस्त्राणावर बसण्यावाचून दुसरं काय सुचणार, असा विचार कुणी केला नाही हे अगाथोक्लीसचं नशीब.

मान मिळाला की तो कायम राहतो असंही नाही. चीनमध्ये १९७६ साली आन्यांगला फू हाओ या राणीची कबर सापडली. ती सेनापतीही होती. सुमारे ३,२०० वर्षं न लुटली गेलेली ती कबर. आत पितरांना मद्य वाहण्याची ब्राँझची दोन भांडी, दोन्ही घुबडाच्या आकाराची. छाती काढून उभी असलेली ती घुबडं बघताना तरी अशुभाची शंकाही येत नाही. पुढच्या शतकांत त्याच देशात घुबड आईला खाणारा पक्षी ठरलं, मातृद्रोहाचं चिन्ह. आईबापांच्या सेवेला सर्वांत वर ठेवणाऱ्या समाजात याहून मोठी शिवी नाही. इकडे कणाद मुनींच्या वैशेषिक दर्शनाला औलूक्य दर्शन म्हणतात आणि कणादांनाच उलूक, म्हणजे घुबड, हे नाव आहे. तिकडे महाभारतात शकुनीचा मुलगाही उलूक. त्याच महाभारतात वडाखाली जागा असलेला अश्वत्थामा, झोपलेल्या कावळ्यांना मारणारं घुबड बघतो आणि पांडवांच्या छावणीवर रात्री घाला घालायचं ठरवतो. कल्पना त्याची, पण आजही दोष जातो पक्ष्याकडे.

मला वाटायचं, अंधश्रद्धेतली भीती तेवढी घुबडाच्या जिवावर उठते, मान मिळतो तिथं ते सुखी असेल. वाचत गेलो तसं चित्र उलटं निघालं. आपल्याकडचीच जुनी समजूत घ्या: घुबडाला दगड मारू नये, ते दगड उचलून पाण्यात नेऊन टाकतं, आणि दगड झिजेल तसतसा मारणारा झिजत जातो. रात्री नावानं हाक मारू नये, घुबड ऐकून ठेवतं. निव्वळ भाकडकथा, पण या भाकडकथेनं किती घुबडं दगडांपासून वाचवली असतील! भीतीनं माणूस दोन हात लांब राहतो. भक्ती त्याला जवळ आणते आणि तिथंच घात होतो. लक्ष्मीचं वाहन म्हणून बंगालमध्ये पांढरं घुबड घरात आलं तर भाग्य मानतात. त्याच लक्ष्मीच्या नावानं, धनप्राप्तीच्या आशेनं, दिवाळीच्या सुमारास मांत्रिकांच्या सांगण्यावरून घुबडं मारली जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी असूनही चोरून विकली जातात. जपानच्या उत्तरेकडचे आयनू लोक भल्यामोठ्या मासेमार घुबडाला गावाचा राखणदार देव मानत. या देवाला त्याच्या लोकी सन्मानानं परत पाठवायचा त्यांचा मोठा सोहळा होता. पाठवायचं म्हणजे अर्थात मारून. निव्वळ लाडही परवडत नाही. मुलांच्या जादूच्या गोष्टींतलं पांढरं घुबड जगभर आवडतं झालं, तेव्हा २०१० साली तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की शहरी मध्यमवर्गात मुलांना घुबडं भेट देण्याचं खूळ शिरलंय.

या सगळ्यात घुबडाशी बऱ्यापैकी सरळ वागले असतील तर काही शेतकरी. तेही पूर्ण नाही. इंग्लंडमध्ये वीज पडू नये म्हणून कोठाराच्या दारावर मेलेलं घुबड ठोकायची रीत एकोणिसाव्या शतकापर्यंत होती. तशाच कोठारांच्या भिंतीत, छताखाली, घुबडाला आत येण्यासाठी मुद्दाम भोक ठेवलेलं असे. दारावर मेलेलं, आत जिवंत. एक विजेसाठी, एक उंदरांसाठी. नेदरलँड्सच्या फ्रीजलंडमध्ये छपराच्या टोकाशी भोक पाडलेली लाकडी फळी बसवायचे, घुबडाच्या जाण्यायेण्यासाठी. कोरीव हंसांनी ती इतकी सजवली गेली, की आता ती त्या प्रांताची ओळखच होऊन बसलीय.

हाच व्यवहार अलीकडे पेट्यांवर आलाय. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यांत गव्हाणी घुबडांना घरटी करायला लाकडी पेट्या उभारल्या. इस्राईलमध्ये १९८० च्या दशकात उंदरांच्या विषाला पर्याय म्हणून तसाच प्रयोग सुरू झाला, पुढे सीमेपलीकडचे जॉर्डनचे शेतकरीही त्यात आले, आणि त्या भागात घुबडाला अपशकुनी मानणारे कमी नव्हते. पिल्लांसह एक जोडी वर्षाला हजाराहून जास्त उंदीर खाते. पुरावा शोधायला लांब जावं लागत नाही. न पचलेली हाडं आणि केस घुबड गोळी करून ओकून टाकतं; पेटीखालच्या गोळ्या फोडून कवट्या मोजता येतात. पेटी लावलेल्या शेतकऱ्याला घुबड शुभ की अशुभ असं विचाराल, तर तो बहुधा यंदा पिल्लं किती झाली तेच सांगायला लागेल.