मागून चिर्र, खालून टक्

आमची गाडी जुनी, सात सीटची, मागच्या चाकांवर चालणारी. मागे स्प्रिंगच्या लोखंडी पाट्या असल्यामुळे थोडी कुरकुर तिची चालतेच. पण पावसाळा संपता संपता मागून नवे आवाज सुरू झाले. सोसायटीच्या गेटमधून हळू निघताना बारीक चिर्र-चिर्र. रिव्हर्समधून काढून पहिला टाकला आणि क्लच सोडला की खालून टक्. शिवाय ६०च्या पुढे एक घूं.

एका गॅरेजवाल्याने चक्कर मारून निकाल दिला, "हौसिंग उघडावं लागेल, क्राऊन-पिनियन गेलंय." खर्चाचा अंदाज ऐकला आणि गाडी घरी घेऊन आलो. हौसिंग म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधली लोखंडी पेटी, आणि क्राऊन-पिनियन म्हणजे तिच्यातली, इंजिनाची फिरकी चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी. क्राऊन-पिनियन खरंच गेलं असेल तर त्याचा आवाज कधी येतो नि कधी थांबतो यावरून कळतं. ते तपासायला आपल्याकडे कात्रजच्या जुन्या घाटासारखी जागा नाही.

आधी गाडी रिकामी केली. जॅक, पाना, छत्र्या, पाण्याच्या बाटल्या सगळं उतरवलं, मागच्या दारावरची स्टेपनी आवळली. आवाज होते तसेच. मग रविवारी पहाटे आईला मागे बसवून निघालो. स्टेअरिंगवर बसलेल्याला मागचा आवाज नेमका कुठला ते सांगता येत नाही, आणि आईचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.

घाट चढताना इंजिन गाडीला ओढतं, उतरताना गिअरमध्ये राहून पाय उचलला की गाडी इंजिनला ढकलते. क्राऊन-पिनियनच्या दातांवर भार दोन्ही वेळा वेगवेगळ्या बाजूने येतो, त्यामुळे दात झिजले असतील तर सूर बदलतो. आमचं घूं चढताना तेच, उतरताना तेच. चाकाचं बेअरिंग म्हणावं, तर वळणावर बाहेरच्या चाकावर वजन आलं की ते बोंबलायला हवं. डावं झालं, उजवं झालं, फरक शून्य. परतताना सिमेंटच्या रस्त्यावरून डांबरावर आलो आणि आई म्हणाली, "अरे, आता कमी झालं बघ."

म्हणजे टायर. घरी येऊन मागच्या टायरवर हात फिरवला. एका दिशेने गुळगुळीत, उलट दिशेने फिरवला की नक्षीच्या कडा तळव्याला टोचत होत्या. घूंचा प्रश्न तिथेच मिटला.

चिर्र मात्र टायरची नव्हती. मागच्या चाकावर खडूने रेघ मारली, मी गाडी माणसाच्या चालीने सोडली आणि मेहुणा शेजारून मोजत चालला. (समोरच्या बिल्डिंगमधल्या काकांनी गॅलरीतून सूचना केल्याच.) चाकाच्या एका फेरीला एकदा वाजलं असतं तर ब्रेकचा ड्रम, त्याचे लायनर, चाकाचं बेअरिंग यांच्याकडे बघायचं. इथे एका फेरीत साधारण चारदा वाजत होतं. चाक एकदा फिरतं तेव्हा आमच्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून हौसिंगपर्यंत जाणारा लांब दांडा, जवळपास चारदा फिरतो. दुखणं बहुधा हौसिंगच्या अलीकडे होतं.

एवढं हाताशी आल्यावर ओळखीच्या मिस्त्रीमामांकडे गेलो. म्हटलं, "मामा, हौसिंग राहू द्या, आधी क्रॉस बघा." क्रॉस म्हणजे शाफ्टच्या टोकाचा, अधिकच्या चिन्हासारखा सांधा. त्यांनी चाकांना दगड लावले, गाडी न्यूट्रल केली, हँडब्रेक सोडला आणि खाली सरकून शाफ्ट हाताने पिळला. मागच्या क्रॉसपाशी शाफ्ट हलायचा, पलीकडचा योक (क्रॉसला धरणारा दुबेळका) किंचित उशिरा हलायचा. तेच आमचं टक्. क्रॉसच्या टोकांवर बेअरिंगच्या वाट्या असतात, त्यातल्या एका वाटीभोवती तिखटासारखी लालसर भुकटी जमली होती. "ग्रीस कधीच संपलंय साहेब, हा गंज बाहेर येतोय." ग्रीस भरायची निप्पल चिखलाने बुजलेली होती, ग्रीस जाणार कुठून!

शाफ्ट उतरवण्याआधी मामांनी शाफ्ट आणि हौसिंग जिथे बोल्टने जुळतात त्या दोन्ही फ्लँजवर पांढऱ्या रंगाचा एक पट्टा ओढला, परत जोडताना होता तसाच बसावा म्हणून. नाहीतर दुरुस्तीनंतर गाडी थरथरायला लागते आणि मग नवा शोध. जुना क्रॉस पिशवीत घालून मी नाना पेठेत, गाड्यांच्या सुट्या भागांच्या बाजारात गेलो. नुसतं मॉडेल सांगून क्रॉस घेऊ नये. वाटीची जाडी आणि सर्कलिपची (वाटी अडवून धरणाऱ्या कडीची) जागा समोरासमोर ठेवून जुळवावी. काउंटरवर जुन्याची एक वाटी उघडून पाहिली तर क्रॉसच्या दांडीवर बेअरिंगमधल्या सुयांचे चर उमटलेले, नखाला लागतील इतके खोल.

शाफ्ट खाली होता तोवर हौसिंगचं ऑइलही काढून बघितलं. प्लगच्या चुंबकाला करडी, मऊ पेस्ट होती, ती चालते. कपच्या निघाल्या असत्या तर पहिल्या गॅरेजवाल्याचं खरं होतं. एकही नव्हती. नवं ८०डब्ल्यू-९० गिअर ऑइल भरलं.

चिर्र पूर्ण गेली. टक् थोडं उरलंय, पण क्राऊन-पिनियनच्या दातांत थोडी ढिलाई ठेवावीच लागते, तेवढं राहणारच असं मामा म्हणाले. सगळं मिळून गॅरेजवाल्याच्या आकड्याच्या पासंगालाही पुरलं नाही. मागचे टायर पुढे, पुढचे मागे केले आहेत. घूं आता पुढून येतं. नवे टायर दिवाळीनंतर बघू.